दातात धरलेला चमचा

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं कार्ड मिळालं. "गुडघा दुखतो, यंदा जमणार नाही." एवढंच? आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला तू येणार नाहीस, तुझा केकही येणार नाही, आणि हे एका ओळीत सांगून मोकळी झालीस! आईनं कार्ड वाचलं, पालथं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तिची मर्जी." त्या दिवशी तिनं भांडी इतकी आपटली की माझ्या आवडत्या कपाचा कान तुटला.

तुम्हा दोघी बहिणींचं काय बिनसलंय ते मला कुणी धड सांगत नाही. गेल्या वर्षी तू इथून गेलीस तेव्हापासून तुझा विषय निघाला की आईला एकदम काहीतरी काम आठवतं. निघायच्या दिवशी सकाळी केकमधलं क्रीम पातळ झालं म्हणून तुमची जुंपली होती, तेवढं मी ऐकलं होतं. पण क्रीमवरून कुणी वर्षभर फुगून बसतं का गं?

तर मी ठरवलंय. २० एप्रिलला घरात केक होणार. तोच, आपल्या घरचा, दोन थरांचा, मध्ये क्रीम भरलेला. तू करत नाहीस तर मी करीन. हसू नकोस. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि घरी आल्यावर आयता चहा पिते, हे मला माहीत आहे. आईला म्हटलं शिकव, तर म्हणाली, "मला कुठे येतो? आमच्या आईनंतर तो फक्त चिंगीला जमला." बघ, एवढी रागावलेली असूनही तुला चिंगीच म्हणाली.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहूनच पाठव. आणि काही गाळू नकोस. आमच्या दुकानात काही जण अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात, डोळे ठणठणीत आहेत असं दाखवायला. घडाघडा म्हणून दाखवतात. मी म्हणते, आता खालून वर वाचा, की लगेच घाम फुटतो. तेव्हा तू काही लपवलंस तर मला कळणारच, सांगून ठेवते.

तुझी लाडकी (अजून तरी),
भाची

—

११ फेब्रुवारी

ठमाबाई,

काय तो तोरा! मावशीला धमक्या? बरं, कागद-पेन्सिल राहू दे, आधी हात धू.

तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेव, कवचासकट. दुसऱ्यात तेवढीच साखर. मैदा साखरेच्या निम्मा, चाळलेला, आणि चाळून झाला की परत चाळलेला. आपल्या केकात फुगवायची पावडर पडत नाही. फुगवते ती नुसती हवा, आणि ती तुझ्या मनगटातून जायची आहे. अंडी आणि साखर कोमट पाण्यावर धरलेल्या भांड्यात फेटायची. हात दुखेल. दुखू दे. फेटणी वर उचलली की मिश्रण फितीसारखं खाली पडलं पाहिजे, आणि पडलेली फीत लगेच बुडता कामा नये. मी शिलाईवाली बाई, मला फीतच कळते. मग मैदा शिंपडून लाकडी चमच्यानं हलकेच वरखाली करायचं. गोल गोल ढवळलंस तर मेहनत पाण्यात.

आता मुख्य गोष्ट. केक झाला की नाही हे घड्याळाला विचारायचं नाही, त्यात काडीही खुपसायची नाही. आपला केक बोलतो. ओव्हनचं दार उघडायचं, डबा अर्धा पुढे ओढायचा आणि वाकून ऐकायचं. कच्चा असेल तर तडतडतो. तडतड उतरली आणि नुसती कुजबुज उरली की काढायचा. गप्प झाला तर कोरडा झाला म्हणून समज.

आणि ऐकताना लाकडी चमचा दातात आडवा धरायचा. हसलीस ना? हास. पण हा घरचा नियम आहे, तुझ्या पणजीपासूनचा. ती माझी आजी. तिचं बघून माझी आई करायची, आईचं बघून मी. केकसमोर बोललं की केक बसतो, म्हणून तोंडाला कुलूप. मी अजून पणजीचाच चमचा वापरते. दांड्याचं टोक कधीतरी कुत्र्याच्या पिल्लानं चावलंय, दुसरीकडची कड जळून काळी झालीय, पण टाकवत नाही.

गार झाला की सुरी लावू नकोस. शिवायचा मजबूत दोरा केकभोवती मधोमध गुंडाळ, दोन्ही टोकं ओढ, आरशासारखे दोन थर होतात. क्रीम बर्फावरच्या भांड्यात घट्ट होईपर्यंत फेट, त्यात संत्र्याची साल किसून. आणि तुझ्या आईला सांग, क्रीम पातळ झालं नव्हतं. ते मी मुद्दाम तसं ठेवलं होतं.

बाकी ठीक. शिलाईचं यंत्र हल्ली इतकं गुळगुळीत चालतं की चालतंय की थांबलंय तेच कळत नाही. नवं तेल मानवलेलं दिसतं.

तुझी मावशी

—

२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मनगट कामातून गेलंय, त्यामुळे अक्षर असं आलंय. पण मावशी, मी जे पाहिलं ते मला कुणालातरी सांगायचंच आहे.

भांड्याच्या तळाशी पिवळं पाणी होतं. चार अंडी, साखर, बस. मी फेटत राहिले. आधी फेस आला, साबणाचा येतो तसा, आणि मला वाटलं झालं. मग तो फेस बारीक होत गेला, रंग उतरत गेला, आणि ते वर चढायला लागलं! मी त्यात काहीही घातलं नव्हतं. बघता बघता भांडं काठापर्यंत भरलं. मी हात थांबवून नुसती बघत उभी राहिले. आई पेपर वाचत होती, तिला हाक मारली, "आई, हे वाढतंय!" ती आली, भांड्यात बघितलं, आणि हातातला पेपर ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "आमची आई फेटायची तेव्हा मी अशीच स्टुलावर उभी राहून बघायचे. चिंगी खाली माझा फ्रॉक ओढत असायची, मला पण बघू दे म्हणून."

इथपर्यंत सगळं छान. पुढे नाचक्की. पहिला केक मधोमध असा बसला की त्यात मासे पाळता आले असते. दुसरा वाळून खडखडीत. तिसरा परत बसला. ऐकू येतं गं, तडतड ऐकू येते, पण तुझी ती कुजबुज म्हणजे नेमकी कोणती? ओव्हन घुमतो, खाली रस्त्यावर गाड्या, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं. आणि तोंडात आडवा चमचा, लाळ गळते ती वेगळीच. आईनं मला तसं बघितलं आणि खुर्चीत बसून हसत सुटली. मला वाईट नाही वाटलं. ती किती दिवसांनी हसली!

मला एक सुचलंय. रविवारी सकाळी मी केक लावते आणि तुला फोन करते. रिसीव्हर ओव्हनपाशी धरते. तू फक्त ऐक आणि "काढ" म्हण. एकदा तुझ्या कानानं ऐकलं की मला कायमचं कळेल.

ता. क. आई म्हणते, कुत्र्याचं पिल्लू कुठलं? आपल्या घरात कुत्रं कधी नव्हतंच. पणजी कुत्र्यांना इतकी घाबरायची की शेजारचं कुत्रं सुटलं की दाराला कडी घालायची.

तुझी शिष्या

—

२ मार्च

ठमाबाई,

फोनचं काढू नकोस. तो बिघडलाय, आणि दुरुस्त करणारा आज येतो उद्या येतो करतोय. शिवाय केक असा फोनवर ऐकायचा नसतो. ज्याचा त्यानं ऐकायचा असतो. कान दिलेत ना देवानं? मग लाव.

बसला म्हणजे लवकर काढलास. वाळला म्हणजे उशिरा काढलास. यात मी लांबून काय सांगणार?

पिल्लाचं मला माझ्या आईनं सांगितलं होतं. असेल नाहीतर नसेल. काम फार आहे. एका हॉटेलच्या पडद्यांची ऑर्डर आहे, ढीग पडलाय.

नाही जमला तर दुकानातून आण. ताईला चालेल.

मावशी

—

१४ मार्च

मावशी,

फोन बिघडलाय म्हणालीस. मी तरीही रविवारी करून बघितला. वाजला. तू उचललास. तू म्हणालीस, "हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?" आणि मी इकडून ओरडतेय, "मावशी, मी! मी बोलतेय!" ओव्हनचं दार उघडं, रिसीव्हर हातात, केक तडतडतोय, आणि तू म्हणालीस, "काय कटकट आहे," आणि ठेवून दिलास. परत केला तर उचललाच नाहीस.

केक बसला. चौथा.

मी तेव्हा रडले, खोटं कशाला बोलू. आईनं विचारलं काय झालं, मी सांगितलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सोड तो नाद. ती पणजीवर गेलीय." पणजीचं मला फारसं काही माहीत नव्हतं, ते तिनं सांगितलं. पणजी म्हणे भारी शिष्ट होती. मागून कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. तोंडासमोर जाऊन उभं राहिलं की मग बोलणार, तेही मोजकं. चारचौघींत बसली की गप्प, नुसती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहायची, जशी काही सगळ्यांची परीक्षा घेतेय. लोक तिच्या वाटेला जात नसत. केक मात्र असा करायची की लांबून माणसं यायची.

आणि मग आईनं मला बस स्टँडचं सांगितलं. वर्षभर कुणाला बोलली नव्हती. तू रागानं निघालीस, ती घरीच थांबली. तू गेल्यावर तिनं बघितलं, तुझा केकचा रिकामा डबा ओट्यावरच राहिलाय. तो घेऊन ती धावत सुटली, घरातल्या चपला घालून. स्टँडवर पोचली तेव्हा तू बसच्या दाराशी होतीस, पाठमोरी, अगदी हाकेच्या अंतरावर. तिनं हाक मारली, "चिंगे!" तू वळली नाहीस. परत मारली, आणखी जोरात. आजूबाजूची सगळी माणसं वळली, मावशी. तू तेवढी वळली नाहीस. शांतपणे पायरी चढलीस आणि आत गेलीस. आई डबा घेऊन परत आली. तो डबा अजून कपाटावर आहे.

क्रीमवरून एवढं? सख्ख्या बहिणीला? मला राग आलाय आणि तो लपवायचा नाहीये. केक मी करणार. तुझ्याशिवाय करणार.

भाची

—

८ एप्रिल

माझ्या बाळा,

तुझं पत्र आल्यापासून मी यंत्राला हात लावला नाही. हॉटेलवाला दोनदा येऊन गेला. आज लिहायला बसलेय, आणि आज सगळं लिहिणार आहे.

माझा गुडघा ठणठणीत आहे. मला ऐकू येत नाही.

एकदम गेलं नाही, थोडं थोडं गेलं. आधी जिन्यावरची पावलं गेली. मग चहाचं उकळणं गेलं, दोनदा भांडं जळलं. यंत्राला तेल मानवलं म्हणून तुला लिहिलं, तेव्हाही मला माहीत होतं की ते तेल नव्हे. समोरचा बोलला की ओठांवरून कळतं, गिऱ्हाईकाचं काम चालतं. फोनला ओठ नसतात गं. त्या रविवारी वाजला तो उचलला, कारण उचलावासा वाटला. आत काहीच नव्हतं. तू होतीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तुझे ते तक्ता पाठ करणारे लोक आहेत ना, त्यांच्यातलीच मी एक. तुला खालून वर वाचायला सांगायचं सुचलं नाही, एवढंच.

गेल्या वर्षीचा केक मी अंदाजानं काढला होता. कोरडा झाला. म्हणून क्रीम पातळ ठेवलं, आत मुरेल आणि कुणाला कळणार नाही. ताईला पहिल्या घासाला कळलं. ती बोलली आणि मी उसळले, कारण तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. यंदा केक पाठवायचा कुठून? ज्या बाईला केक ऐकू येत नाही तिनं काय करायचं?

आणि बस स्टँड. बाळा, मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसले होते. बस सुटेपर्यंत रस्त्याकडे बघत होते. मला वाटत होतं, ताई येईल. कितीही भांडली तरी ती येतेच, लहानपणापासून. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत होते गं. बस सुटली आणि मी स्वतःशी म्हटलं, या वेळी नाही आली. वर्षभर मी तिच्यावर रुसलेय, ती आली नाही म्हणून! आणि ती डबा घेऊन, घरातल्या चपला घालून... हे वाचलं तेव्हा मी पत्र तिथेच टाकून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

पण मी लिहायला बसले ती रडगाणं गायला नाही. जे घडलंय ते सांगायला.

तू लिहिलंस, ती पणजीवर गेलीय. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मागून हाका मारल्या तर ओ देत नसे. तोंडासमोर गेलं की मगच बोले. एकेकीच्या तोंडाकडे बघत बसे. मी म्हटलं, अगं, हे तर माझंच वर्णन आहे! आणि मला ती दिसायला लागली. मी फार लहान होते, ओव्हनच्या उंचीएवढी. पणजी डब्यावर वाकलेली, आणि तोंडात चमचा. आम्ही मुली मागे उभ्या राहून खिदळायचो, ती वळायचीही नाही. पण बाळा, तो चमचा आडवा नव्हता. सरळ होता. चोचीसारखा पुढे आलेला. आडवा धरायला लागली ती माझी आई, आणि तिचं बघून मी. तोंड बंद ठेवायचं तर आडवा काय नि उभा काय.

परवा सकाळी अंडी फोडली. सगळं केलं, फीत पडेपर्यंत फेटलं. केक फुगला. दार उघडलं, डबा पुढे ओढला. पणजीचा चमचा घेतला आणि दांड्याचं टोक दातात धरलं, सरळ. माझे दात बरोब्बर त्या खाचांत बसले. पिल्लानं चावलेल्या. अगं पिल्लू कुठलं! माणसाच्या दातांच्या खाचा त्या. किती वर्षं, किती केक, त्याच जागी. मग मी वाकले आणि चमच्याची ती जळकी काळी कड डब्याच्या काठाला टेकवली. ती जळलीय कशी हेही तेव्हाच कळलं.

आणि मला केक ऐकू आला.

कानात नाही. डोक्याच्या आत, मधोमध. तडतड, तडतड, असंख्य बारीक बुडबुडे फुटताहेत, एकेक वेगळा. दोन वर्षांत मी कशाचाही आवाज इतका स्वच्छ ऐकला नव्हता. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण चमचा सोडवेना. तडतड हळूहळू उतरत गेली, पातळ झाली, आणि मग ती आली. कुजबुज. मी डबा काढला. बाळा, काय उभा राहिला तो केक! सपाट, सोनेरी, बोट लावलं की परत वर येणारा. मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसून राहिले. देवळात बसतात तशी.

तिला ऐकू येत नव्हतं. तुझ्या पणजीला. उभ्या आयुष्यात तिनं कुणाला कळू दिलं नाही. लोक शिष्ट म्हणाले, म्हणू दिलं. बहिरी म्हटलेलं नको होतं तिला, मला नको होतं तसंच. आणि तिनं एकटीनं, कुणी न सांगता, एका लाकडी चमच्यात स्वतःसाठी कान शोधून काढला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो वापरत राहिली. आणि आपण? आपण तिचा कान पिढ्यान् पिढ्या तोंडात आडवा धरून बसलो, बोलू नये म्हणून!

काल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी एक धातूचा चिमटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला, तो मला खणखणीत ऐकू आला. म्हणाले, आतलं सगळं शाबूत आहे, बाहेरून आत यायचं दार तेवढं घट्ट बसलंय, उपाय आहेत. घरात आणखी कुणाला होतं का, असंही विचारलं. मी म्हटलं, हो. माझ्या आजीला. मोठ्यानं म्हटलं बहुतेक, कारण बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

ताईला यातलं काही सांगू नकोस. मी येतेय. तिला मी माझ्या तोंडानं सांगेन. माझा डबा कपाटावरून खाली काढून ठेव.

तुझी मावशी

—

१३ एप्रिल

मावशी गं,

पत्र दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, एका डोळ्यावर पट्टी धरून, आणि मी त्याला पुढची ओळ वाचायला सांगायचंच विसरले. त्यानं बिचाऱ्यानं विचारलं, "ताई, माझ्या डोळ्यात काही वाईट दिसलं का?"

मी त्या पत्रात तुला जे बोलले ते तू विसर, एवढंच म्हणते. बाकीचं भेटल्यावर, तुझ्या समोर उभी राहून, तोंड स्पष्ट हलवून.

घरी आले आणि पाचवा केक लावला. आई बाहेर गेली होती. चमचा सरळ धरला, टोक डब्याला लावलं. मला तर नीट ऐकू येतं, मावशी, दोन्ही कान शाबूत आहेत, तरी मी दचकले. ओव्हनची घरघर गेली, गाड्या गेल्या, वरची खुर्ची गेली. फक्त केक राहिला. मी आजवर ऐकत होते ते केकच्या आसपासचं होतं. हा केक होता. आणि तुझी कुजबुज आली तेव्हा कुणी सांगावं लागलं नाही.

बसला नाही. उभा राहिला. मी पणजीला कधी पाहिलं नाही, तिचा फोटोही नाही आपल्याकडे. पण त्या क्षणी ती माझ्या खांद्याशी खांदा लावून वाकली होती, हे मी शपथेवर सांगेन.

आईला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, मावशी येतेय. ती म्हणाली, "येऊ दे. मी काही धरून ठेवलंय का?" आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पलंगावर नवी चादर.

डबा काढलाय. घासून ठेवलाय. चमचा आण.

तुझी ठमा

—

२५ एप्रिल

प्रिय मावशी,

नीट पोचलीस ना? आई रोज पोस्टमनची वाट बघते आणि बघत नाही असं दाखवते.

घर अजून संत्र्याच्या वासानं भरलंय. शेवटचा तुकडा आईनं कुणाला दिला नाही, स्वतः खाल्ला, बशी बोटानं पुसून.

मला एक विचारायचंय. वाढदिवसाच्या सकाळी तू मला क्रीम आणायला पाठवलंस. क्रीम घरात होतं, मी फ्रिजमध्ये पाहिलं होतं. तुला आईशी एकटीनं बोलायचं होतं हे मला कळलं, म्हणून मी मुकाट्यानं गेले आणि लांबच्या दुकानात गेले. परत आले तर स्वयंपाकघरातून काही आवाज नाही. मला भीती वाटली, परत भांडलात की काय. दार थोडं ढकललं.

तुम्ही दोघी ओट्यापाशी समोरासमोर उभ्या होतात. चमच्याचं एक टोक तुझ्या दातात, दुसरं आईच्या दातात. नाकाला नाक लागेल एवढ्या जवळ. दोघींचे डोळे मिटलेले आणि दोघींचे गाल ओले. आणि तुमच्या मागे केक ओव्हनमधून अर्धा बाहेर आलेला, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही!

मी दार लावून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. हसू येत होतं आणि रडूही, आणि पिशवीतलं क्रीम वितळत होतं. असं काही मी आजवर पाहिलं नाही.

आई तेव्हा काय बोलली गं तुला? मी तिला विचारलं तर म्हणते, "तुला काय करायचंय? आमचं आमचं आहे." केकचं काय झालं तेही सांगत नाही. तू सांग.

तुझी ठमा

—

२ मे

ठमाबाई,

चोरून बघतेस? शोभतं का? बरं, सांगते.

केक जरा जास्त झाला, आणि तो तसाच आम्ही तुला खाऊ घातला. क्रीम पातळ ठेवायला ताईनंच सांगितलं. "राहू दे पातळ," म्हणाली, "मुरेल."

आता बाकीचं. तू गेलीस आणि मी केक ऐकायला वाकले, चमचा दातात, सरळ. ताई म्हणाली, "हे काय नवीन?" मी तिचे ओठ बघितले, चमचा तोंडातून काढला आणि सांगितलं. सगळं. कानांचं, केकचं, पणजीचं, फोनचं. शेवटी बस स्टँडचं सांगितलं, की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत तिचीच वाट बघत होते. ती बोलायला लागली, पण रडत होती आणि तोंडावर हात धरला होता, मग मला कसं कळणार? मी म्हटलं, ताई, हात काढ, मला दिसत नाहीये. ती हात काढेना. लाजली असेल, रडताना ती नेहमीच लाजते. मग तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं माझ्या हातातल्या चमच्याचा दांडा परत माझ्या दातात दिला, दुसरं टोक टॉवेलनं स्वच्छ पुसलं (पुसल्याशिवाय ताई कशालाही तोंड लावणार नाही) आणि स्वतःच्या दातात धरलं.

दात आवळून माणूस काय बोलणार? भाषण थोडंच करणार? ती एकच शब्द बोलली, तिनं बस स्टँडवर मारली होती तीच हाक. "चिंगे."

माझ्या डोक्याच्या मधोमध आली ती. तिचा आवाज, बाळा. म्हातारीचा नाही, ओठांवरून वाचलेला नाही, तिचा. स्टुलावर उभी राहून खाली मला हाक मारायची, तो.

चमचा दातात असला की धड काही बोलता येत नाही. पण एवढं येतं.

मी ओ दिली.

तुझी मावशी